उवेचं गोत्र

शंकेखोर : उवांचं कीटकांमधलं स्थान इतकी वर्षं ठरलेलं होतं. पंख नाहीत, अंग वरून दाबल्यासारखं चपटं, पायाच्या टोकाला केस किंवा पीस आवळून धरणारी नखी, अंडं केसालाच चिकटवलेलं, आणि लिखेतून बाहेर पडल्यापासून मरेपर्यंतचा सगळा काळ दुसऱ्या प्राण्याच्या अंगावर. अशा सुमारे पाच हजार जाती आहेत. त्यांना फ्थिरॅप्टेरा नावाचा स्वतःचा गण मिळाला होता आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही. आता तुम्ही कीटकशास्त्राची मंडळी सांगता की हा गण स्वतंत्र नाहीच. पावसाळ्यात दमट झालेल्या ज्वारीच्या पोत्यात, जुन्या दस्तऐवजांच्या पानांत, झाडाच्या सालीवर जे बारीक मऊ अंगाचे किडे फिरतात, त्यांच्याच वंशवृक्षाची एक फांदी म्हणजे उवा. भूम-परंड्याकडच्या गोठ्यात उस्मानाबादी शेळीचं रक्त पिणारी ऊ आणि शेजारच्या खोलीतल्या पोत्यात बुरशी खाणारा किडा एका गोत्रातले, हे ज्याला सांगाल तो आधी तुमच्याकडे पाहील. एक परजीवी आहे आणि दुसरा कुणाच्या अध्यात ना मध्यात. जगण्याची रीत हीच प्राण्याची ओळख नसेल, तर दुसरी कोणती?

कीटकप्रेमी : जगण्याची रीत ही ओळख धरली की काय होतं, याचा पुरावा वर्गीकरणाच्या पहिल्याच मोठ्या ग्रंथात आहे. लिनियसने १७५८ साली ‘बिनपंखी’ असा एक गण केला आणि त्यात ऊ, पिसू, कोळी, विंचू, गोम आणि खेकडासुद्धा घातला. पंख नसणं एवढाच त्यांच्यातला समान धागा. आज तो गण कुणी मानत नाही, कारण अभावावरून नातं ठरत नाही. परजीवी असण्याचंही तसंच आहे. ऊ, पिसू आणि ढेकूण हे तिघंही बिनपंखी आणि तिघंही रक्तावर जगणारे, पण पिसवेच्या अंड्यातून अळी निघते, ती जमिनीवरच्या धुळीत वाढते, कोशात जाते आणि मग पिसू होते. लिखेतून निघते ती लहानशी ऊच, तीन वेळा कात टाकून मोठी होते, कोश कधीच नाही. ढेकणाची सोंड झाडाचा रस शोषणाऱ्या ढेकण्यांच्या जातीची आहे. पिसू बाजूंनी चपटी, ऊ वरून चपटी. तिघं तीन वेगवेगळ्या वाटांनी रक्तापर्यंत पोचले. रक्त पिणं हा मुक्काम झाला. नातं ठरवायचं तर कुठून निघाले ते पाहावं लागतं.

शंकेखोर : मुक्काम आणि वाट यांतला भेद मला मान्य आहे. पण तो तुम्ही ऊ आणि पिसू यांच्यासाठी वापरलात, आणि तिथे तो सहज लागू पडतो. माझा प्रश्न उवा आणि धान्यातले किडे यांच्याबद्दल आहे. त्यांची वाट एक होती हे कशावरून? धान्यातला किडा चावून खातो, त्याला लांब बारीक स्पर्शिका असतात, तो मोकळा हिंडतो. उवेच्या स्पर्शिका आखूड, डोळे बारीक किंवा नाहीतच. बाहेरून पाहणाऱ्याला साम्य शोधायला बराच खटाटोप करावा लागेल.

कीटकप्रेमी : बाहेरून खटाटोप करावा लागतो, तोंडाच्या आत पाहिलं की नाही. धान्यातल्या त्या किड्यांमध्ये लिपोसेलिस नावाची एक प्रजाती आहे. जेमतेम मिलीमीटरभर, पंख नसलेली, चपटी, मागच्या पायाच्या मांड्या जाड झालेल्या. या किड्याला प्यायला पाणी लागत नाही. त्याच्या तोंडात, जिभेसारख्या भागाच्या खाली, दोन लंबगोल चकत्या असतात. त्यांच्यावरच्या ओलसर थरात हवेतली वाफ शोषली जाते आणि एका बारीक नळीतून ते पाणी घशात ओढलं जातं. हवेतला ओलावा साधारण साठ टक्क्यांच्या वर असला की हे यंत्र चालतं, त्याखाली किडा हळूहळू सुकतो. म्हणून धाराशिवसारख्या कमी पावसाच्या मुलखात उन्हाळाभर न दिसणारा हा किडा पावसाळ्यात साठवणीत एकाएकी वाढतो, आणि ओल लागलेल्या पेवातल्या ज्वारीत तर वाढतोच. आता कोंबडीच्या पिसातली ऊ पाहा. पीस हे कोरडं अन्न, त्यात पाणी जवळपास नाही. त्या उवेच्या तोंडातही त्याच दोन चकत्या, तीच नळी. इतर कोणत्याही कीटकगणात ही रचना नाही. रक्त पिणाऱ्या उवांना पातळ अन्न मिळू लागलं आणि त्यांच्या तोंडाची घडणच बदलली, पण चावणाऱ्या उवांनी ती जुनी रचना आजपर्यंत सांभाळली आहे. एका गुणावर मी नातं ठरवत नाही. पण हा गुण असा आहे की तो दोन ठिकाणी स्वतंत्रपणे, इतक्या बारीकसारीक तपशिलासह निर्माण झाला असं मानणं फार जड जातं. क्रिस्टोफर लायल यांनी १९८५ साली शरीररचनेवरूनच लिहिलं होतं की उवांचे सर्वांत जवळचे नातेवाईक लिपोसेलिसच्या कुळात आहेत. तेव्हा जनुकांचे क्रम वाचून वंशवृक्ष मांडण्याची सोय या कीटकांसाठी नव्हती.

शंकेखोर : आणि सोय झाल्यावर काय झालं, तेही सांगायला हवं. २००४ साली केविन जॉन्सन आणि काझुनोरी योशिझावा यांच्या गटाने जनुकांवरून जाहीर केलं की परजीवी उवा दोनदा निर्माण झाल्या. म्हणजे एक मोठा गट एकीकडून आणि दुसरा दुसरीकडून, आणि मध्ये लिपोसेलिसचं कुळ. तसं असेल तर ‘उवा’ हा नैसर्गिक गट उरतच नाही. मग २०२१ साली, त्याच संशोधकांपैकी काहींच्या सहभागाने, हजारो जनुकं घेऊन काढलेला वृक्ष सांगतो की नाही, उवा एकदाच झाल्या. सतरा वर्षांत दोनाचं एक. जीवाश्मांचीही तीच तऱ्हा. २०१९ साली म्यानमारच्या अंबरात डायनोसॉरच्या पिसांवर उवेसारखे कीटक सापडल्याची बातमी जगभर गेली. दोन वर्षांत दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवलं की ती खवले किडीची पिल्लं असावीत. ज्या शास्त्राची उत्तरं इतक्या वेगाने पालटतात, त्याच्या भरवशावर आम्ही शंभर वर्षांची नावं का मोडायची?

कीटकप्रेमी : उत्तर पालटलं म्हणताना नेमकं काय पालटलं ते बघू या. २००४ आणि २०२१, दोन्ही वृक्षांत उवा सालीवरच्या आणि धान्यातल्या किड्यांच्या आतच आहेत. दोन्हींत लिपोसेलिसचं कुळ त्यांच्या लगत आहे. वाद एवढाच होता की ते कुळ उवांच्या बाहेर लगत आहे की दोन उवा-गटांच्या मध्ये. गावात एखादं घर कोणत्या वाड्याचं यावर वाद असेल, पण म्हणून ते घर गावात आहे की नाही हा वाद नसतो. पालटण्याचं कारणही कळलेलं आहे. उवांची जनुकं फार भराभर बदलतात आणि त्यांतल्या रासायनिक अक्षरांचं प्रमाणही एकीकडे झुकलेलं असतं. असे भराभर बदललेले वंश मोजक्या जनुकांवरून काढलेल्या वृक्षात चुकीच्या जागी जाऊन चिकटतात. माहिती वाढवली आणि तो कल दुरुस्त केला तेव्हा चित्र बदललं. जीवाश्मांचं मी तुमच्याहून कडक बोलेन. निर्विवाद म्हणता येईल असा सर्वांत जुना उवेचा ठसा जर्मनीतल्या एकफेल्डच्या तळ्याच्या गाळातला आहे, सुमारे ४ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा, पिसांचे तुकडे पोटात असलेला. त्याआधीचं सगळं अनुमान आहे. पण अनुमानालाही आधार आहे. लिपोसेलिसच्या कुळातला एक किडा सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात सापडला आहे, आणि तो खरोखर उवांचा भाऊबंद असेल तर उवांची फांदी तेव्हा फुटलेली असायलाच हवी, तिचा जीवाश्म मिळो वा न मिळो.

शंकेखोर : ठीक. मग मला तुमच्या गोष्टीतली सर्वांत अवघड पायरी समजावून सांगा. मोकळा किडा परजीवी झाला कसा? तुम्ही म्हणाल की सालीवरचे किडे पक्ष्यांच्या घरट्यांत, उंदरांच्या बिळांत राहायला गेले. तिथे गळलेली पिसं, त्वचेचा कोंडा, बुरशी असं अन्न मिळालं आणि तिथून ते अंगावर चढले. ऐकायला ही गोष्ट सरळ आहे. पण हे किडे आजही घरट्यांत आहेत, गोठ्यांत आहेत. शेळ्यांचे गोठे आणि धान्याची पोती मराठवाड्यात शेकडो वर्षं एका छपराखाली आहेत. मग रोज संधी असताना नव्या उवा का तयार होत नाहीत? कोट्यवधी वर्षांत एकदाच घडलेली गोष्ट ‘सहज’ कशी म्हणायची?

कीटकप्रेमी : सहज मी म्हणणार नाही, आणि तुमची शंका बरोबर जागी लागली आहे. पक्ष्यांच्या पिसांत आणि सस्तन प्राण्यांच्या केसांत अधूनमधून असे मोकळे किडे सापडल्याच्या नोंदी आहेत. पण अंगावर सापडणं वेगळं आणि अंगावर पिढ्या काढणं वेगळं. कायमचं राहायचं तर अंडं केसाला असं चिकटायला हवं की प्राणी अंग घासेल, चाटेल, धुळीत लोळेल तरी सुटणार नाही. पकड सुटली की मरण, म्हणून नखी हवी. एका शेळीवरून दुसरीवर जायला पंख उरलेले नाहीत, तेव्हा अंगाला अंग लागेल तेवढ्या क्षणात पलीकडे जाता यायला हवं. रक्तावर जगायचं तर आणखी एक अडचण, कारण रक्तात काही जीवनसत्त्वं अपुरी असतात. माणसाची ऊ आपल्या शरीरात एक जीवाणू बाळगते, रिझिया नावाचा, आणि तो तिला ब गटातलं जीवनसत्त्व तयार करून देतो. तो जीवाणू आईकडून अंड्यात उतरतो. तो नसेल तर पिल्लू वाढत नाही. या सगळ्या गोष्टी एका वंशात एकत्र येणं दुर्मीळ आहे. संधी रोजची असते, हा साठा रोजचा नसतो. हे उत्तर पुरेसं आहे असं मात्र मी म्हणत नाही. कोणती गोष्ट आधी आली, पकड की अंड्याचा डिंक, हे सांगणारा मधला जीवाश्म आपल्याकडे नाही.

शंकेखोर : तुम्ही ‘नाही’ म्हणालात, त्यामुळे बाकीचं ऐकायला मी तयार झालो. पण आता मला तुम्हाला गोठ्यात न्यायचं आहे. शेळीपालकाच्या लेखी उवा दोन तऱ्हेच्या असतात. एक चावणारी, बोव्हिकोला, जी कातडीवरचा कोंडा आणि केस कुरतडते. दुसरी शोषणारी, लिनोग्नॅथस, जी रक्त पिते आणि करडांना पंडुरोगासारखं फिकं पाडते. दोन्ही एकाच शेळीवर, हिवाळ्यात अंगावर केस दाट असताना आणि कळप दाटीवाटीने बांधलेला असताना वाढतात. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन रक्तातून जातं, म्हणून रक्त पिणारीवर चांगलं चालतं आणि कुरतडणारीवर कमी. तिच्यासाठी औषध अंगावर लावावं लागतं. लिखांवर बहुतेक औषधं चालत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं. हे ज्ञान जुन्या वर्गीकरणाशी नेमकं जुळतं. चावणाऱ्या त्या मॅलोफेगा, शोषणाऱ्या त्या अॅनोप्ल्युरा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केलेले हे दोन गट मराठवाड्यातल्या शेळीपालकाला आजही उपयोगी पडतात. तुमचा नवा वृक्ष त्याच्या काय कामाचा?

कीटकप्रेमी : तुम्ही निवडलेलं उदाहरण माझ्याही बाजूने बोलतं. अंगणात शेळीबरोबर कोंबड्याही असतात. कोंबडीवरची मेनोपॉन चावणारी, शेळीवरची बोव्हिकोलाही चावणारी, म्हणून जुन्या पद्धतीत दोघी मॅलोफेगा, सख्ख्या. आणि शेळीवरचीच लिनोग्नॅथस दुसऱ्या गटात, परकी. नवा वृक्ष याच्या उलट सांगतो. उवांच्या झाडाची पहिली मोठी फांदी फुटली त्यात मेनोपॉनचा गट एकीकडे गेला आणि बाकी सगळ्या दुसरीकडे. त्या दुसऱ्या फांदीवर पुढे सस्तन प्राण्यांच्या उवांचा एक स्वतंत्र झुपका आहे. त्यात शेळीची चावणारी, शेळीची शोषणारी आणि हत्तीच्या अंगावरची लांब सोंडेसारख्या तोंडाची ऊ, अशा तिन्ही एकत्र येतात. याला जनुकांच्या क्रमापेक्षा वेगळा पुरावाही आहे. बहुतेक प्राण्यांच्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात जनुकांचं एकच वर्तुळ असतं. माणसाच्या उवेत त्याचे अठरा लहान तुकडे झालेले २००९ साली आढळले, आणि पुढे कळलं की असं तुकडे होणं सस्तन प्राण्यांच्या या तिन्ही तऱ्हांच्या उवांत आहे. म्हणजे एका शेळीवरच्या दोन उवा, ज्यांना आपण परक्या समजत होतो, त्या एकमेकींच्या जवळच्या आहेत, आणि कोंबडीची ती ऊ दूरची. २०२२ साली निघालेला निष्कर्ष आणखी पुढे जातो. सस्तन प्राण्यांच्या या उवांचा पूर्वज आफ्रिकेतल्या हत्तीच्या नातलगांवर राहत होता आणि तिथून इतर प्राण्यांवर पसरला. मराठवाड्यातल्या शेळीच्या अंगावर आफ्रिकेतला तो जुना प्रवास दोन रूपांत चालू आहे. मला हे शेळीपालकाच्या औषधाइतकंच मोलाचं वाटतं.

शंकेखोर : मोलाचं आहे, पण औषध ठरवताना मला तोंडच पाहावं लागेल. तुमची सख्खी बोव्हिकोला इंजेक्शनला लिनोग्नॅथससारखी दाद देणार नाही, नातं कितीही जवळचं असो. आणि हा प्रश्न शेळ्यांपुरता नाही. १९०७ साली नाशिकच्या एका मिशनच्या वसाहतीत पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या तापाची साथ आली. एफ. पी. मॅकी या डॉक्टरांनी पाहिलं की मुलांमध्ये ताप मुलींपेक्षा जास्त आहे आणि मुलांच्या कपड्यांत उवाही जास्त आहेत. त्या उवांच्या शरीरात त्यांना तापाचे जंतू सापडले. तो ताप उवा पसरवतात हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या कामांपैकी ते एक आहे. दोनच वर्षांनी शार्ल निकोल यांनी ट्युनिसमध्ये टायफस ज्वर उवांमुळे पसरतो हे दाखवलं आणि १९२८ सालचं नोबेल त्यांना मिळालं. दोन्ही ठिकाणी दोषी ठरली ती कपड्यांतली ऊ. डोक्यातली ऊ अशा साथी आणताना दिसत नाही. आता तुमचं शास्त्र सांगतं की या दोघींची जनुकं जवळजवळ सारखी आहेत आणि वंशवृक्षात त्या धड वेगळ्या पडतही नाहीत. नात्याने एक आणि परिणामाने दोन. वैद्याने कुणाचं ऐकायचं?

कीटकप्रेमी : वैद्याने परिणामाचं ऐकावं, यात मला संकोच नाही. मी तुमचे ‘चावणाऱ्या’ आणि ‘शोषणाऱ्या’ हे शब्द काढून घेत नाही. ते राहिलेच पाहिजेत, वर्णन म्हणून. माझा आग्रह एवढाच की वर्णनाला वंशाचं नाव देऊ नये. कपड्यांतल्या उवेबद्दल तर वंशाची बाजू वैद्यालाही कामाची आहे. ती डोक्यातल्या उवेपासून वेगळी झाली ती माणूस कपडे घालू लागल्यावर, आणि म्हणून तिच्या जनुकांवरून माणसाने कपडे कधी घातले याचा अंदाज बांधला गेला. २००३ सालच्या गणिताने सुमारे ७२ हजार वर्षं काढली, पण मागेपुढे बरीच मोकळी जागा ठेवून, आणि नंतरच्या अभ्यासाने तो काळ आणखी मागे नेला. दोघी इतक्या जवळच्या असतील तर डोक्यातली ऊ कपड्यांत उतरून पुन्हा रोगवाहक होणं अशक्य नाही. जिथे माणसं कपडे न बदलता दाटीत राहतात, छावण्यांत, युद्धात, तिथे हे ध्यानात ठेवावं लागतं. धोका ओळखायला परिणाम पाहावा. तो पुढे कुठून येईल हे कळायला नातं पाहावं.

शंकेखोर : मग आपला वाद ‘उवा स्वतंत्र गण आहेत का’ हा उरला नाही, असं मला वाटू लागलं आहे. गण ही पातळी माणसाने ठरवलेली. उवांना गण म्हणा की उपगण म्हणा, झाडाची फांदी तिथेच राहते. तुमचं म्हणणं मान्य केलं तर सालीवरचे किडे, धान्यातले किडे आणि उवा मिळून एक गण, सोकोडिया, आणि उवा त्यातली परजीवी झालेली एक शाखा. मी ते मान्य करतो, पण एका अटीवर. २०२१ चा ‘एकदाच’ हा निकाल अंतिम म्हणून पाठ्यपुस्तकात जाऊ नये. आणि हा गण उरलेल्या कीटकांत कुठे बसतो, ते तरी ठरलं आहे का?

कीटकप्रेमी : नाही ठरलेलं, आणि ते सांगितलंच पाहिजे. पूर्वी हा गण ढेकूण, मावा, तुडतुडे यांच्या जवळ ठेवत असत. २०१४ साली कीटकांच्या सर्व गणांच्या जनुकांवरून मांडलेल्या मोठ्या वृक्षात तो माश्या, भुंगे, फुलपाखरं यांच्या, म्हणजे कोशात जाणाऱ्या कीटकांच्या, लगत आला. २०१८ साली पुन्हा तपासलं तेव्हा दोन्ही शक्यता उभ्या राहिल्या. उवांचं घर कोणतं ते कळलं, ते घर कोणत्या वस्तीत आहे ते अजून नक्की नाही. ‘एकदाच’ याबद्दलची तुमची अट मला मान्य आहे. आज पुरावा एकदाच्या बाजूला जड आहे, एवढंच लिहावं. तो आणखी जड किंवा हलका व्हायचा तर नमुने लागतील, आणि ते महागड्या यंत्रांआधी गोठ्यांतून आणि धान्यकोठ्यांतून येतात.

शंकेखोर : तर तेवढं आपण दोघं मिळून सांगू शकतो. धाराशिव, लातूर, सोलापूर या भागांत उस्मानाबादी शेळ्यांचे कळप आहेत, पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. शेळीच्या उवा काढताना चारदोन उवा आणि साठवणीतल्या ज्वारीतले चारदोन बारीक किडे अल्कोहोलच्या बाटलीत ठेवावेत. चिठ्ठीवर प्राणी किंवा धान्य, गाव आणि तारीख लिहावी. आणि उवेच्या चिठ्ठीवर चावणारी की शोषणारी, हेही लिहावं.